टेरामारनं घर निवडलं नाही, म्हणून भाग फसला?

'माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक' या बोलणाऱ्या पोनींच्या ॲनिमेशन मालिकेच्या आठव्या पर्वातला 'सर्फ अँड/ऑर टर्फ' हा सहावा भाग २०१८ मध्ये आला. तेव्हापासून त्याच्यावर एक शिक्का बसलाय: घटस्फोटाच्या विषयाला हात घातला आणि ऐन वेळी कच खाल्ली. हा शिक्का इतक्या जणांनी इतक्या वेळा मारलाय की आता भाग परत बघून खात्री करायच्या फंदात कुणी पडत नाही. त्याला जोडून चार तक्रारीही ठरलेल्या. सागरी पोनींच्या नावाखाली पुराणकथांची मोडतोड केली. संकट टळल्यावरही निम्मी मंडळी पाण्यातच का राहतात, याला काही अर्थ नाही. क्रुसेडर्स या तीन मुली मदतीला येऊन काहीच करत नाहीत, उलट बिघडवून ठेवतात. आणि मालिकेची नायिका ट्वायलाइट राजकन्या असूनही खेळण्यांच्या दुकानात सोडलेल्या पोरासारखी वागते.

मला हा भाग मालिकेतला सर्वोत्तम वगैरे वाटत नाही. आठव्या पर्वातलेच चार-पाच भाग मी त्याच्या वर ठेवीन. पण त्याच्यावरचे हे आरोप बहुतेक चुकीचे आहेत, आणि जो एक आरोप खरोखर लागू पडतो तो सहसा कुणी करतच नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. याच मालिकेवरच्या २०१७ च्या चित्रपटात कळतं की स्टॉर्म किंग या खलनायकाच्या भीतीनं हिप्पोग्रिफांनी माउंट एरिस हा आपला डोंगर सोडला. पुढचं अंग गरुडाचं, मागचं घोड्याचं, पंख असलेली ही जमात. त्यांच्या राणीनं, नोव्होनं, जादूच्या मोत्याच्या बळावर सगळ्यांना सागरी पोनी केलं आणि सीक्वेस्ट्रिया नावाच्या समुद्राखालच्या राज्यात लपवलं. चित्रपटाच्या शेवटी स्टॉर्म किंग संपतो. मोत्याचे तुकडे करून ते सगळ्यांना वाटले जातात. गळ्यात तुकडा असला की हवं तेव्हा पंख, हवं तेव्हा कल्ले. मग काही जण डोंगरावर परततात, काही पाण्यातच राहतात. टेरामार हा या जमातीतला मुलगा. वडील स्काय बीक डोंगरावर, आई ओशन फ्लो समुद्रात. आता याचं घर कुठलं? जादूचा नकाशा हा गुंता सोडवायला क्यूटी मार्क क्रुसेडर्सना, म्हणजे ॲपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटालू या तीन मुलींना बोलावतो. ट्वायलाइट त्यांना सांभाळायला सोबत जाते. शेवटी ठरतं की टेरामारनं एक काही निवडायची गरजच नाही.

आता पुराणकथांच्या मोडतोडीचं. हिप्पोग्रिफ हा आकाशातला प्राणी, त्याला समुद्रात ढकलणं म्हणजे मूळ कथेशी बेइमानी, असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: कुठली मूळ कथा? हिप्पोग्रिफाला प्राचीन पुराणच नाही. रोमन कवी व्हर्जिलनं एका कवितेत ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) आणि घोड्यांची जोडी जमेल असं म्हटलं होतं, ते कधीच न घडणाऱ्या गोष्टीचं उदाहरण म्हणून. आपण 'सूर्य पश्चिमेला उगवेल' म्हणतो त्यातला प्रकार. मग दीड हजार वर्षांनी इटलीच्या आरिओस्तोनं ती अशक्य जोडी खरी मानली आणि आपल्या महाकाव्यात तिचं पिल्लू उडवलं. त्या काव्याची पहिली आवृत्ती १५१६ ची, शेवटची सुधारलेली १५३२ ची. म्हणजे ज्या प्राण्याच्या शुद्धतेसाठी आपण भांडतोय तो मुळात एका कवीनं दुसऱ्या कवीच्या चेष्टेतून काढलेला आहे. त्याला आणखी कुणी कल्ले लावले तर आरिओस्तोनं तक्रार करायचं कारण नाही.

घोडा आणि समुद्र यांचं नातं तर याहून कितीतरी जुनं. ग्रीकांचा पोसायडन समुद्राचा देव, आणि घोड्यांचाही देव तोच. इलियडच्या तेराव्या सर्गात तो सोनेरी आयाळीचे घोडे रथाला जुंपून लाटांवरून जातो आणि रथाचा आस ओलासुद्धा होत नाही. पुढच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी त्याच्या रथाला पुढून घोडा, मागून मासा असे प्राणी जोडले, तेच हिप्पोकॅम्प. आणि पंखवाला पेगासस कुणाचा मुलगा? पोसायडनचाच, मेडुसाच्या पोटचा. उडणारा घोडा आणि पाण्यातला घोडा ग्रीक कथांत एकाच घरातले आहेत. आपल्याकडेही फार वेगळं नाही. उच्चैःश्रवा समुद्रमंथनातून वर आला, आणि समुद्राच्या पोटात जळणाऱ्या वडवानलाला घोडीचं तोंड आहे. त्यामुळे डोंगरावरच्या पंखवाल्या घोड्यांनी समुद्रात घर केलं हे ऐकून पुराणांचा अभ्यास असलेला माणूस तरी दचकू नये.

जाता जाता: खऱ्या समुद्री घोड्यात मादी अंडी नराच्या पिशवीत घालते आणि पिल्लं बापाच्या पोटातून बाहेर पडतात. निसर्गाशी इमान राखायचंच म्हटलं असतं तर पाण्यात राहणारा पालक टेरामारचा बाप हवा होता. ही तक्रार मात्र मी अजून कुठे ऐकली नाही.

याच मुद्द्याला 'खेळणी खपवायला सागरी पोनी घुसडल्या' अशी एक शेपटी असते. त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ही सगळी मालिकाच हॅस्ब्रोच्या खेळण्यांवर उभी आहे, आणि सागरी पोनी तर १९८४ च्या पहिल्या विशेष भागातही होत्या. तिथं त्या गाणं म्हणत बुडणाऱ्या पोनींना वाचवायच्या. खेळण्यांचा आरोप करायचा तर नऊही पर्वांवर करा, एका भागाला वेगळा न्याय कशाला?

दुसरी तक्रार तर्काची. स्टॉर्म किंग मेला, मग पाण्यात राहायचं कारण काय? हे वाचलं की वाटतं, लोक सिल्वरस्ट्रीमला विसरले. सिल्वरस्ट्रीम म्हणजे टेरामारची बहीण, ट्वायलाइटच्या मैत्रीशाळेत शिकणारी. पर्वाच्या सुरुवातीला ती शाळेत येते आणि जिने बघून वेडी होते. साधे जिने. पायऱ्या! जिथं वर जायला नुसतं पोहायचं असतं तिथं वाढलेल्या मुलीला पायरी ही कल्पनाच नवी. पटकथाकारांनी हा विनोद म्हणून टाकलाय आणि तो जमलाही आहे, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते. पाण्याखालची ती वर्षं म्हणजे चार दिवसांचा मुक्काम नव्हता. मुलं तिथं लहानाची मोठी झाली. मोठ्यांसाठी जी लपायची जागा होती, ती मुलांसाठी घर होती.

आणि भीतीचं काय? त्याच पर्वातल्या बाविसाव्या भागात शाळेच्या तळघराखालच्या गुहांत सहा विद्यार्थ्यांची परीक्षा होते, प्रत्येकाला त्याची सगळ्यात मोठी भीती समोर दिसते. सिल्वरस्ट्रीमला दिसतो स्टॉर्म किंग. एव्हाना त्याचा दगड होऊन तुकडे झालेत, ते तिला माहीत आहे, तरी ती गोठते. एवढ्या उत्साही मुलीची ही गत असेल तर आणखी कुणी 'मी खालीच बरी' म्हणालं त्यात अतर्क्य काय आहे? शत्रू संपला की निर्वासित दुसऱ्या दिवशी बोचकी बांधून परततात, ही समजूत गोष्टीतही खोटी आणि बाहेरही खोटी. काही परततात. काहींची मुलं नव्या गावची भाषा बोलायला लागलेली असतात. ओशन फ्लो पाण्यात का राहिली याचं लांबलचक स्पष्टीकरण भाग देत नाही हे खरं, पण पर्व बघणाऱ्याला ते लागू नये.

दिसण्याबद्दल एक वाक्य: चित्रपटातल्या सीक्वेस्ट्रियापुढे इथलं सीक्वेस्ट्रिया फिकं आहे, मान्य. ॲनिमेशनची सॉफ्टवेअरंच निराळी; चित्रपट टून बूम हार्मनीत झाला, मालिका फ्लॅशवर चालायची, पैसा आणि वेळ दोन्ही वेगळे.

क्रुसेडर्सवरचा आरोप जरा नीट बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. नकाशा त्यांना पहिल्यांदा बोलावतो. पाचव्या पर्वापासून हा मान मोठ्यांचा, तो आता यांना मिळतो, म्हणून त्या हवेत. तिथं जाऊन करतात काय? दोन्ही जागा बघतात, दोन्हींच्या प्रेमात पडतात, आणि मग एक डोंगराची बाजू घेते, एक समुद्राची, तिसरी मधल्या मध्ये. वाद वाढतो. आधीच दबलेला टेरामार आणखी दबतो. 'मदतीला आल्या आणि भांडून बसल्या' हे वर्णन बरोबर आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेला निष्कर्ष, की पटकथेला या तिघींचं काय करावं ते कळलं नाही.

या तिघी कोण आहेत ते आठवा. पहिल्या पर्वापासून त्यांचा एकच ध्यास: आपल्या अंगावर क्यूटी मार्क, म्हणजे आपली खासियत सांगणारी खूण, उमटली पाहिजे. आज हा उद्योग, उद्या तो. आपण नक्की कोण याचं एक, स्पष्ट, सगळ्यांना दिसेल असं उत्तर त्यांना हवं होतं. ते मिळालं पाचव्या पर्वात, डायमंड टियाराला मदत करताना. डायमंड टियारा आईच्या धाकाखाली वागणारी मुलगी. क्रुसेडर्सनी तिला दाखवलं की आई सांगते तसंच असायला हवं असं नाही, आणि त्याच क्षणी तिघींच्या खुणा उमटल्या. तेव्हापासून त्यांचं काम हेच, दुसऱ्याला त्याची ओळख शोधून देणं.

म्हणजे त्यांच्याकडे एक हमखास चालणारा उपाय आहे. कुणीतरी मुलावर काहीतरी लादतंय, ते ओळखायचं, बाजूला करायचं, मग मूल आपोआप आपली वाट धरतं. तो उपाय घेऊन त्या टेरामारकडे येतात आणि इथं लादणारा कुणी सापडतच नाही. आई ओढत नाही. वडील ओढत नाहीत. दोघंही प्रेमळ आहेत, निर्णय त्याच्यावर आहे. मग उरतं काय? तर योग्य जागा कोणती ते ठरवणं. आणि ते ठरवायला लागल्या की या दोस्तमंडळींनीच ओढाताण सुरू केलेली असते. आईबापांनी न केलेली रस्सीखेच पाहुण्यांनी केली. त्यांचं चुकणं हाच कथेचा कणा आहे. टेरामारचं दुखणं काय आहे ते आपल्याला त्यांच्या चुकीमुळेच दिसतं: जो कुणी भेटतो तो मत घेऊन येतो. बरं, नंतर त्यांनाच ते उमगतं, आणि दोन ठिकाणी मन असण्याचं ते गाणं त्यांच्याच तोंडी येतं. गाणं थोडं समजावणीच्या सुरात आहे, ते सोडून द्या. पण 'काहीच करत नाहीत' म्हणायचं असेल तर आधी ते गाणं कापून टाकावं लागेल.

ट्वायलाइटबद्दल. ती सीक्वेस्ट्रियात हरखून जाते, हे बघ ते बघ करते, आणि मुलींच्या कामात जवळजवळ लक्ष घालत नाही. लोकांना हे राजकन्येला न शोभणारं वाटतं. मला तर ही २०१० च्या पहिल्या भागातलीच ट्वायलाइट वाटते, पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून डोकं वर न काढणारी. नवं जग समोर आलं की तिचं असंच होतं. शिवाय हे तिचं सीक्वेस्ट्रियात दुसरं येणं आहे. पहिल्यांदा, चित्रपटात, मैत्रिणी राणीला गाण्यात गुंतवत असताना तिनं मोती चोरायचा प्रयत्न केला, पकडली गेली, आणि सगळ्यांना वर हाकललं गेलं. ज्या जागी आपण सगळ्यात लाजिरवाणं वागलो तिथं पाहुणी म्हणून परत जायला मिळालं तर कोण हरखणार नाही? आणि कामात लक्ष न घालणं हा नियमच आहे. नकाशा ज्यांना बोलावतो त्यांनीच सोडवायचं. ती मध्ये पडली असती तर याच लोकांनी 'मुलींना काही करूच दिलं नाही' म्हटलं असतं. विनोद मात्र ताणलाय. पहिल्या दोन वेळा हसू येतं, नंतर घड्याळाकडे नजर जाते.

आता मुख्य आरोप, कच खाल्ल्याचा.

त्याची मांडणी अशी असते: आईवडील वेगळे राहतात, मुलगा मधे अडकलाय, हा सरळ घटस्फोट आहे. मग तो शब्द का नाही? भांडण का नाही? आणि शेवटी 'दोन्हीकडे राहा' ही सोय कशी? खऱ्या आयुष्यात असं होत नाही, कुणीतरी काहीतरी गमावतं.

पहिली गोष्ट, भागानं घटस्फोटाचं आश्वासन कधी दिलं? ते प्रेक्षकांनी दिलं आणि मग पाळलं नाही म्हणून भागाला धरलं. पडद्यावर आहे ते एवढंच की आईवडिलांची घरं दोन आहेत. नोकरीपायी असं होतं, स्थलांतरात होतं, आजारपणात होतं, घटस्फोटातही होतं. ज्या मुलाला यातलं काहीही लागू आहे त्याला टेरामारमध्ये स्वतःला बघता येतं. घटस्फोट असं नाव दिलं असतं तर बाकीचे बाहेर राहिले असते.

भांडण का नाही, याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा स्काय बीक आणि ओशन फ्लो एकमेकांवर ओरडले असते. मग बावीस मिनिटांची गोष्ट त्यांची झाली असती. त्यांचं पटतं की नाही, समेट होतो की नाही. मुलगा कोपऱ्यात उभा. आपण असं कितीदा पाहिलंय, आणि बहुतेक वेळा मुलाच्या रडण्यानं आईबाप एकत्र येतात हेही पाहिलंय. ते खोटं जास्त धोकादायक, कारण ते बघणाऱ्या मुलाला वाटतं की आपण पुरेसं रडलो नाही. इथं आईवडील चांगले आहेत आणि तरीही मुलगा कासावीस आहे. हे दाखवणं भांडण दाखवण्याहून अवघड. त्याला भीती आईच्या रागाची नाही, बापाच्या मारण्याची नाही. त्याला भीती आहे की मी डोंगर म्हटलं तर आईचा चेहरा पडेल आणि समुद्र म्हटलं तर बाबांचा. 'तू ठरव बाळा' हे वाक्य मोठ्यांना फार उदार वाटतं. मुलाच्या कानावर ते 'आमच्यातला एक नापसंत कर' असं पडतं. मोठी माणसं न्यायानं वागायच्या नादात सगळा भार सगळ्यात लहानाच्या खांद्यावर देतात, आणि वर त्याला स्वातंत्र्य म्हणतात. मुलांच्या मालिकेत ही गोष्ट इतकी नेमकी मी फारशी पाहिलेली नाही.

आणि शेवट. 'दोन्ही' हे उत्तर पळवाट केव्हा ठरतं? प्रश्न खरा असेल आणि उत्तर देणारा तो टाळत असेल तेव्हा. गळ्यात मोत्याचा तुकडा आहे. डोंगराच्या पायथ्याशीच समुद्र आहे. सकाळी उडायचं, दुपारी पोहायचं, याला अडवणारं काही नाही. अशा मुलाला 'एक निवड' हा प्रश्न कुठून आला? सगळ्यांनी निवड केली म्हणून त्यालाही करावी लागेल, असं त्यानं धरलं. आईवडील शेवटी त्याला निर्णय देत नाहीत, प्रश्न मागे घेतात. यात गमावण्यासारखं काही नाही असंही नाही. ज्या दिवशी तो पाण्यात आहे त्या दिवशी बाबा डोंगरावर त्याच्याशिवायच जेवणार, आणि ते कायमचं आहे. भाग त्यावर रडत बसत नाही एवढंच.

सिल्वरस्ट्रीमशी ताडून बघा. ती ना डोंगरावर राहते ना समुद्रात. तिसऱ्याच ठिकाणी शिकते, सुट्टीत घरी जाते. 'आई की बाबा' असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनं निवड टाळली असा आरोपही कुठल्या प्रेक्षकानं केला नाही. शाळा म्हटलं की आपल्याला चालतं. तेच स्वातंत्र्य भावाला मिळालं की कच खाल्ली!

मग खरा आरोप कोणता? आईवडिलांना वेळच दिलेला नाही. दोघांच्या वेगळं राहण्याचा निर्णय कसा झाला, ते दोघं त्याबद्दल एकमेकांशी काय बोलले, मुलाला सांगायचं कुणी ठरवलं, यातलं एकही दृश्य नाही. स्काय बीक आणि ओशन फ्लो गोड आहेत, पण चेहऱ्यावरचा गोडवा सोडला तर त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काही कळत नाही. त्यामुळे शेवटी ते प्रश्न मागे घेतात तेव्हा हा तोडगा त्यांना आधी का सुचला नाही, हे अधांतरी राहतं. 'खूप सोपं सुटलं' असं जे अनेकांना वाटतं त्याचं मूळ इथं आहे, आणि ते वाटणं रास्त आहे. भांडण नको होतं. दोन मोठी माणसं किनाऱ्यावर बसून 'त्याला ठरवू दे, आपण मध्ये नको पडायला' असं एकमेकांना प्रेमानं सांगताहेत, एवढं एक मिनिट आधी कुठेतरी हवं होतं. ते मिनिट ट्वायलाइटच्या तिसऱ्या विनोदातून सहज निघालं असतं.